वीजबिलावरचं ‘घर बंद’

तिला बाकीच्या दोघी खजिनदार म्हणत. हे पद तिनं मागितलं नव्हतं. भाड्याच्या त्या दोन खोल्यांत राहणाऱ्या तिघींत ती वयानं मोठी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, म्हणून ते गळ्यात पडलं. महिनाअखेरीला वाटणी मागताना तिचा आवाज आपोआप खाली जायचा. जणू पैसे स्वतःसाठीच मागतेय.

काटकसर मात्र तिनं मन लावून चालवली होती. सकाळी तिघींनी बाहेर पडायचं, वर्ग संपले की विद्यापीठाच्या वाचनालयात बसायचं. दिवा तिथला, पंखा तिथला, फोनचं चार्जिंगही तिथलंच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हाच नेम. घरी यायचं ते पाठ टेकायला. तरी विजेचं बिल दर महिन्याला तेवढंच, ढिम्म.

“आपण भुतासारख्या अंधारात राहतो, मग वीज जाळतंय कोण?” कायदा शिकणारी कुरकुरली. तिला बाकीच्या दोघी वकीलसाहेब म्हणत.

तिसरी पहिल्या वर्षाची, दोघींची चिमणी. ती म्हणाली, “ताई, बाबा म्हणतात परत ये. पुढचं घरून बघू. त्यांचा टेम्पो पुन्हा गॅरेजात गेलाय.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“काय म्हणू? बिल तरी कमी आलं असतं, तर तोंड उघडता आलं असतं.”

खजिनदारानं बिल घडी घालून पिशवीत ठेवलं. पोरीचं शिक्षण सुटणार, आणि हिशेब आपल्या हातात.

दुसऱ्या दिवशी ती वीज कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली. पाय दुखून आले तेव्हा कुठे खिडकी आली. कारकुनानं बिल उलटसुलट पाहिलं.

“मीटर कुठंय?”

“खोलीत, दाराच्या आत.”

“दिवसा घरी कोण असतं?”

“कोणीच नाही. वीज वाचवायला आम्ही बाहेर बसतो.”

त्यानं बिलाच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ‘घर बंद.’ “आमचा माणूस दर महिन्याला कुलूप बघून परत जातो. रीडिंग नाही, मग जुन्या सरासरीनं बिल निघतं. तुमच्याआधी कोण राहायचं?”

“कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या बाई.”

“मग त्यांच्या इस्त्रीचं बिल भरताय तुम्ही.”

तिला हसू येणार होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

कारकुनानं सांगितलेल्या रीडिंगच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातलं आपलं अर्धवेळ काम बुडवून ती घरी थांबली. माणूस आला, आकडा टिपला, दोन मिनिटांत गेला. जादा भरलेले पैसे हातात मिळणार नव्हते. पुढच्या बिलांतून वळते होणार होते. म्हणजे काही महिने बिलच नाही.

हे ऐकून वकीलसाहेब म्हणाल्या, “म्हणजे वाचवून वाचवून आपणच घालवले?”

“हो गं. झालं खरं तसं.”

चिमणी फोन घेऊन जिन्यात गेली. बराच वेळ तिचा हळू आवाज येत राहिला. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

“परीक्षेपर्यंत राहा म्हणाले. मग बघू.”

खजिनदार भिंतीला टेकून बसली. ‘मग बघू’चं काय करायचं, ते आज तिला सुचणार नव्हतं.

“पुढच्या महिन्यात रीडिंगला मी थांबीन, ताई,” चिमणी म्हणाली. “तू जा कामावर.”