आधी गार, मग गरम

पोस्टमनकाकांची जुनी गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली आणि मिस्त्रींच्या जिवाला जरा बरं वाटलं. वीस वर्षं ती गाडी त्यांच्याच हाताखाली होती. गेल्या महिन्यात मात्र काकांनी ती रस्त्यापलीकडे, मिस्त्रींच्या धाकट्या भावाकडे नेली. धाकट्याचं गॅरेज नवं, फरशी पांढरी, दाराशी गाड्यांची रांग. ती रांग मिस्त्री रोज चहा पिताना मोजत आणि चहा गार करून घेत.

“काय बदललंन त्यानं?” काका गाडी घेऊन परत दाराशी आले तेव्हा मिस्त्रींनी विचारलं.

“ती तापमानाची झडप.”

इंजिन गार असेतो ही झडप हवा अडवते, तापलं की सोडते. ती बिघडली की धूर बिघडतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, नळ्या उपसल्या आणि झडपेत फुंकर मारली. आरपार गेली.

“गेली कामातून!” पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं ते ओरडले. “माल पारखायला अक्कल लागते!”

मागच्या दारात बायको भाजी निवडत होती. “अहो, गाडी आत्ताच चालून आलीय. तापलेल्या झडपेतून हवा जाणारच की. भावजींना काम शिकवताना ‘आधी गार, मग गरम’ हे तुम्हीच घोकवून घेतलं होतंत ना?”

मिस्त्रींचं तोंड कडू झालं. इंजिन निवल्यावर त्यांनी झडप काढली, स्वयंपाकघरातून पातेलं आणलं. गार पाण्यात झडप बंद. गाल फुगले, हवा जाईना. पाणी तापवलं, फुंकर सरळ पार. पुन्हा गार, पुन्हा गरम. तिसऱ्यांदा ते पातेलं शेगडीवर ठेवू लागले तशी बायको म्हणाली, “बटाटा आहे का ती? कितीही उकळा, तुमच्या मनासारखी बिघडायची नाही. आणि पातेलं दुधाचं आहे.”

मग त्यांनी नळ्या वाकवून पाहिल्या. एकीला बारीक चीर होती. तिच्या टोकाला तांब्याच्या तारेचे दोन वेढे. अशी तार गावात एकच माणूस बांधी. बायकोनं ती पाहिली, पण भाजीतून मान वर काढली नाही.

“मग, झडपच खराब ना?” काकांनी विचारलं. “धाकट्याला जाऊन सांगतो.”

मिस्त्रींनी पलीकडची रांग पाहिली. पाच गाड्या.

“झडप चांगलीय,” ते म्हणाले. “नळी चिरलीय. माझी आहे ती.”

“म्हणजे पोरानं काम चोख केलंय!”

“करणारच,” मिस्त्री तार सोडवत गुरगुरले. “शिकवलंय कोणी?”