धावताना आलेली चक्कर

शाळेच्या मैदानावर माझी मुलगी धावण्याचा सराव करत होती आणि मी तिची पाण्याची बाटली धरून कडेच्या दगडी गडग्यापाशी उभी होते. शेवटच्या वळणावर तिचे पाय वेडेवाकडे पडले आणि ती तोंडावर आपटली. सावरायला हातसुद्धा पुढे आला नाही.

मी पोचले तोवर तिनं डोळे उघडले होते. "आई, एकदम काळोख इलो. पडलेला माका कळलाच नाय."

"उपाशी धावली आसतली, पेज दी तिका," सासूबाई म्हणाल्या. कणकवलीला डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला आला. नवऱ्याच्या जिवात जीव आला. माझ्या येईना. माझा धाकटा भाऊ दहावीत असताना फुटबॉल खेळता खेळता कोसळला, तो उठलाच नाही. लोकांनी ते देवचारावर, गावच्या राखणदार भुतावर, घातलं होतं.

"ईसीजीची पट्टी बरी इली ना? मगे कित्याक भितंस?" नवरा म्हणाला.

"ती धावता धावता पडली. माका तिका गोव्याक न्हेवचा आसा."

गोव्यातल्या हृदयतज्ज्ञ बाई इको करताना एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत राहिल्या. मग सीटी स्कॅन झाला.

"हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी चुकीच्या जागेवरून निघालीय," त्या म्हणाल्या. "दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते. धावताना त्या फुगतात आणि ही चेपते. स्वस्थ पडून काढलेल्या ईसीजीत ते दिसत नाही."

"जन्मापासून?"

"हो. ऑपरेशन करावं लागेल. तोवर जिनासुद्धा सावकाश चढायचा."

मी त्यांना भावाचं सांगितलं. त्याचंही तेच असेल असं आज सांगता येणार नाही, म्हणाल्या.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मी तिच्या श्वासाकडे कान लावून काढले. न्हाणीघराची कडी लावू देत नव्हते. आतला पाण्याचा आवाज थांबला की दारावर थाप मारायची. "आई, मी जिती आसंय गो!" ती चिडून ओरडायची.

सर्जन बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "धमनी मोकळी झाली." नवरा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

आता ती संध्याकाळी माझ्याबरोबर किनाऱ्यावर चालते. धावायची परवानगी अजून नाही. संघात तिच्या जागी घेतलेल्या मुलीवर तिचा भारी राग. "तिका वळणावर धावाक येनाच नाय," म्हणत राहते. मी नुसती ऐकत चालते.