गुलाबी पटका

लढाईमुळं कापड मिळत नव्हतं त्या दिवसांत मिशनच्या दवाखान्यात माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. व्हरांड्यात शेजारी वाळव्याकडचा एक शेतकरी बसला होता. त्याच्या बायकोचंही तेच. घडीघडी तो डोक्यावरचा गुलाबी पटका चाचपायचा.

नर्सनं त्याला आत बोलावलं. तो परत आला तो बोडक्या डोक्यानं. आमच्याकडं माणूस गेल्याशिवाय कुणी डोकं उघडं टाकत नाही. मी माझी टोपी काढली.

"टोपी घाला, पाव्हनं," तो म्हणाला. "दोगीबी बऱ्या हायत. पोट बांधायला दवाखान्यात कापड उरलं न्हाई, म्हनून पटका दिला. लय लांब हाय, दोगींना पुरंल."

आईच्या पोटावरची गुलाबी पट्टी पाहिली, तेव्हा कुठं मी टोपी घातली.