शेजारच्या खोलीतला खोकला

शिक्षकांचे वर्ग घ्यायचं माझं काम. गेल्या मे महिन्यात त्यासाठी पाच दिवस सोलापुरात होते. उन्हामुळे वर्ग सकाळीच उरकायचा. दुपारी हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून, एसी लावून पडून राहायचं. एसी बंद केला की भिंती तापायच्या आणि चालू ठेवला की तासाभरात जीभ टाळ्याला चिकटायची. दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं तर रुमालावर रक्त आलं. आवाजही बसला होता. बोलण्यावर पोट असलेल्या बाईला याची भीती फार वाटते.

खोल्या झाडायला नातेपुत्याकडच्या एक मावशी यायच्या. माझा घोगरा आवाज ऐकून त्यांनी काही न विचारता बादली भरून पलंगाजवळ ठेवली, खुर्चीवर ओली चादर पसरली.

"हवेला प्यायला कायतरी पायजे की," त्या म्हणाल्या. "न्हायतर ती तुमचंच पिती."

त्याने जरा बरं वाटलं. खोकला मात्र थांबेना. तिसऱ्या दुपारी मी खोकले आणि भिंतीपलीकडूनही कुणीतरी खोकलं. कोरडा, खरवडून काढल्यासारखा खोकला. आपल्यासारखंच कुणीतरी आहे म्हणून मला आधी सोबतच वाटली. मग लक्षात आलं, तो माझ्या मागोमागच येत होता. मी उशीत तोंड खुपसून खोकला दाबला. पलीकडेही शांत. बराच वेळ नुसती एसीची घरघर. शेवटी मला राहवेना, खोकले. लगेच तिकडूनही आला.

खाली जाऊन मॅनेजरना विचारलं. "ती खोली बंद असते मॅडम," ते रजिस्टरमधून वर न बघता म्हणाले. "एसी नाही तिथं. आम्ही कुणाला देत नाही."

चौथ्या दिवशी वर्गावरून परतल्यावर मावशींना सांगितलं. त्या बेसिन पुसत होत्या, हात थांबला.

"तुमाला बी आलं व्हय ऐकू?"

कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून त्यांनी ते दार उघडलं. आत भट्टीसारखी धग. उघडी गादी, आणि उशाशी स्टुलावर स्टीलचा जग. रिकामा. आतून क्षारांची पांढरी पुटं चढलेली.

"एक गिऱ्हाईक व्हतं," मावशी दारातूनच म्हणाल्या. "बियाण्याच्या कंपनीचं. लई खोकायचं. खोलीतला फोन बिघडलेला, पाणी मागायला बी सोय न्हवती. मी तुमच्याच खोलीत फरशी पुसत व्हते. ऐकू येत व्हतं मला. म्हनलं, येवढी खोली उरकते आन जाते. गेले तवा त्यो खाली पडलेला. दवाखान्यात नेला, पर न्हाय वाचला."

"आणि हा जग?"

"रोज सकाळी भरते. दुपारपातूर रिकामा."

मी जग उचलला, माझ्या खोलीतून काठोकाठ भरून आणला आणि स्टुलावर ठेवला. त्या दुपारी मी कितीदा तरी खोकले. पलीकडून काहीच आलं नाही.

शेवटच्या सकाळी निघण्याआधी आम्ही दोघींनी ते दार पुन्हा उघडलं. जग भरलेलाच होता, एक घोटही कमी नाही. मावशींचा चेहरा उतरला.

"ठिवताना कायतरी बोलला व्हता का तुमी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी रोज बोलते." त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं, जग धुऊन पुन्हा भरला. मग त्या रिकाम्या गादीशी वाकल्या आणि आजारी माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाल्या, "आले, बाबा. उशीर झाला."

दार ओढून घेऊन त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. मी बॅग उचलली. जिना उतरताना घशात खवखवायला लागलं. वरून पुन्हा उत्तर येईल म्हणून ओढणी तोंडावर गच्च दाबून, श्वास कोंडून मी भराभर उतरले. रस्त्यावर, रिक्षांच्या गोंगाटात पोचल्यावरच मोकळेपणी खोकले.