आबांसाठी रांधलेली मरळ

माझ्या हातची मरळ ही सगळ्या वऱ्हाडातली सर्वांत स्वच्छ मरळ होती. एवढं श्रेय तरी मला मिळायला हवं.

आबा, म्हणजे माझे वडील, हिवतापातून उठले होते. पण जेवत नव्हते. ताट समोर आलं की तोंड फिरवायचे. तालुक्याहून डॉक्टर आले आणि बजावून गेले, "तेल-तिखट बंद. उकडलेली मासळी अन् मऊ भात द्या. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा आडवे होतील!"

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीवर आले होते. घरात फारसं न बोलणारी मी त्या दिवशी चक्क म्हणाले, "मी करते." आबा क्षीण हसले. "पोरगी करते तं खाईन बाप्पा!"

आई माहेरी गेलेली. घरात होती आत्या, आणि तिचा नेमका गुरुवार! उपासाला मासा नजरेसही पडायला नको, म्हणून ती अंगणाकडे पाठ करून बसली आणि तशीच मला हुकूम सोडू लागली.

"आंगनातल्या चुलीवरच शिजव वो! सैपाकघरात आनू नको!"

मासे विकणाऱ्या भोईणीने मरळ मासा साफ करून दिला होता, पण तो असा बुळबुळीत, की हातातून सुटला तो थेट तुळशीपर्यंत गेला! मी मागे धावले. पुन्हा सुटला, तो गोठ्याच्या दारात.

"राख लाव त्याले, राख!" आत्या भिंतीला सांगत होती.

राख? आजारी माणसाच्या अन्नाला? शाळेत आरोग्याच्या तासाला आम्हाला स्वच्छता शिकवली होती. मी गुपचूप माझा गुलाबाचा विलायती साबण आणला आणि मासा आतून-बाहेरून चोळचोळून धुतला. (त्याला मारलेल्या चिरांमधूनसुद्धा!) मग वरून तांब्याभर पाणी ओतलं. एकच तांब्या.

"काऊन वो," आत्याने नाक वर केलं, "अत्तर सांडलं का कुठं?"

"नाही आत्या."

मासा उकडू लागला तसा पातेल्यावर पांढराशुभ्र फेस आला. हाच पौष्टिक अंश असणार, असं समजून मी तो एक थेंबही वाया घालवला नाही. वाडग्यात मऊ भात, त्यावर मासा, त्यावर ते पाणी.

आबांनी पहिला घास घेतला. थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी दाराला टेकून उभी होते. त्यांनी दुसरा घास घेतला. मिशीवर एक बुडबुडा आला, फुगला, फुटला.

"कसं झालंय, आबा?"

"साजरं झालं," ते म्हणाले. आणि डोळे मिटून त्यांनी अख्खा वाडगा संपवला!

पातेल्यात उरलेलं मी चाखलं तेव्हा मला सगळं कळलं. पण तोवर आबा परसाकडे निघाले होते, आणि संध्याकाळभर जात-येत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते समोर येईल ते निमूट खाऊ लागले: पेज, वरण, नावडता दुधीसुद्धा! महिन्याभरात शेतावर जाऊ लागले. डॉक्टर म्हणतात, औषधाचा गुण. आत्या म्हणते, तिच्या गुरुवारांचा.

मला वाईट वाटतं ते एवढंच, की मरळ आबांच्या फार आवडीची होती. अजूनही भोईण दारात आली की त्यांचा चेहरा खुलतो. पण टोपलीवरचं फडकं उचलण्याआधी ते हळूच आत वळून विचारतात, "पोरगी घरी हाय का?"

आणि मी असले, की भोईणीला शेजारच्या दारी पाठवतात.