खाली चॉकलेटी

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला एकच कारण पुरायला लागलं. दूधवाला उशिरा आला, राजधानी झाली ना. शंकर नगरात गाडी लावायला जागा नाही, राजधानी. त्यामुळे आईने बैठकीमागच्या खोलीत 'डायनिंग' करायचं ठरवलं तेव्हा तिनेही हेच कारण दिलं. भोपाळहून बदलून आलेल्या शेजाऱ्यांकडे तिने सगळं पाहून ठेवलं होतं. छताच्या कडेने प्लास्टरची नक्षी, भिंतींवर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी, कंबरेच्या उंचीवर एक आडवी पट्टी, तिच्या वर एक रंग आणि खाली दुसरा. जन्मभर स्वयंपाकघरात जमिनीवर पंगत मांडणाऱ्या बाईला हे डोहाळे लागावेत याचं मला हसूच आलं.

खरं कारण घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. वरणभाताचा घास तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उडायचा, आणि हळदीचे डाग काही केल्या निघत नव्हते. एकदा नागपूरची आत्या आली होती. तिने जेवताजेवता हसत विचारलं, इथं कोणाची हळद लागली होती का? बाबाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं ताट आतल्या खोलीत मागवलं आणि दार लोटून एकटेच जेवले. मग रोजच. ड्यूटीवरून कितीही उशिरा आला तरी सोबत कोणी बसल्याशिवाय पहिला घास न घेणारा माणूस तो. आई त्यांचं ताट नेऊन द्यायची, आमच्यात येऊन बसायची आणि दाराकडे बघत जेवायची. मला ते बघवत नसे.

तर या माणसाला पुन्हा आमच्यात जेवायला आणायचं, एवढ्यासाठी ही सगळी राजधानी चालली होती. भनपुरीहून लाकडी पट्ट्या आल्या. गोल बाजारातून आईने उंच काठाच्या थाळ्या आणि जड बुडाच्या वाट्या आणल्या. बाबा म्हणाले, मले तं आतच बरं वाटते. आईने ऐकलंच नाही.

मिस्त्री इथलाच होता, कशालाही 'हव' म्हणणारा. आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' चिकटवलेलं. रंगाच्या दिवशी आम्ही दुर्गला एका साक्षगंधाला निघालो होतो. चारचौघांत जेवावं लागेल म्हणून बाबा घरीच राहिले. निघताना आईने मिस्त्रीला बजावलं, "भैया, ऊपर मलाई कलर, और दीवार को खाली चॉकलेटी." मिस्त्री हव म्हणाला.

संध्याकाळी परतलो तर छत मलाई, आणि चारही भिंती वरपासून जमिनीपर्यंत चॉकलेटी. पट्ट्या, चौकटी, सगळं त्यात बुडालेलं. आईने मिस्त्रीला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, आपणच तर बोललात, दीदी, खाली चॉकलेटी, म्हणजे नुसतं चॉकलेटी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईचं 'खाली' मराठी होतं आणि त्याने ते हिंदीत ऐकलं होतं. 'ऊपर' म्हणजे छत, हे तर त्याला सांगायलाच नको. उद्या मलाईचा डबा आणून वरचा भाग पुन्हा रंगवतो, असं म्हणून तो गेला. बाबा दिवसभर घरात होते, पण त्यांना वाटलं, हिची आवड.

आई नव्या खुर्चीवर बसली आणि चक्क रडायला लागली. तेवढ्यात बाबा आतून आले.

"काहून रडून राहिली?"

"अर्धीच भिंत सांगितली होती हो मी. खालची."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. थरथरतं बोट एका चौकटीच्या पट्टीवरून फिरवलं. गडद रंग खालीच का हवा होता, हे तिने आम्हा कोणालाही सांगितलं नव्हतं.

"अर्धी कशी पुरली असती?" ते म्हणाले. "माहा हात पार वरपर्यंत उडते."

आई रडतारडता हसली आणि पदराने नाक पुसायला लागली. मी उगीच पंखा लावायला उठले. बाबांनी भिंतीलगतची खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, वाढ, सगळ्यांचं इथंच वाढ.

त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र जेवलो. वरण उडालं असेल. आम्ही पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

सकाळी मिस्त्री मलाईचा डबा घेऊन दारात हजर. आईच्या हातात बाबांच्या नाश्त्याची थाळी होती.

"रहने दो भैया," ती म्हणाली. "खाली चॉकलेटी ही ठीक है."

आणि थाळी घेऊन ती डायनिंगकडे वळली.