घरमालकांचे भिजवलेले बदाम

त्या थंडीत मी मोठा माणूस होणार होतो. ठरलंच होतं. फक्त सवयी लागायच्या बाकी होत्या.

चंडीगढच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी बुरशीवर काम करतो. वरच्या पदासाठीचा अर्ज दोनदा टाळला होता. या वेळची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपणार होती आणि पुढची संधी थेट तीन वर्षांनी. सगळा अर्ज सोपा, एकच पान जड : ‘माझे स्वतःचे योगदान’. त्या पानासमोर बसलो की पाय आपोआप उठत आणि मी घरभर येरझाऱ्या घाली. फरशीवर पायवाट पडली होती. खालून घरमालक विचारत, “डॉक्टर साब, ऊपर बारात आई है क्या?”

घरमालक सत्तरीचे सरदारजी. सायकलवर मोजे विकत सुरुवात केलेली, आज सेक्टर १७ मध्ये तीन शोरूम आणि पंचकुल्यात दोन कोठ्या, म्हणजे बंगले. मी शास्त्रज्ञ माणूस. महिनाभर बाल्कनीतून त्यांचं निरीक्षण केलं. पाचला उठणं, पार्काला सात फेऱ्या, गार पाण्याची अंघोळ, अकरा भिजवलेले बदाम. यशाचं सूत्रच हाती लागलं! रंगीत तक्ता करून फ्रिजवर चिकटवला.

बायकोनं तो वाचला. “अहो, यात अर्जाचा रकाना कुठाय?”

“आधी सवयी लागू देत. मग अर्ज आपोआप भरला जातो.”

“कोण भरतं? बदाम?”

मुलगी म्हणाली, “बाबा, आप तो बस घूम रहे हो.” पोरीला मराठी सगळं कळतं, पण टोमणा मारायला हिंदीच लागते.

मी डगमगलो नाही. पहाटेच्या धुक्यात एकाच बाकाला तीनदा धडकलो आणि तीनदा ‘सॉरी जी’ म्हणालो. गार पाण्याचा पहिला तांब्या असा बसला की तिकडे साताऱ्यात आईला शिंक आली. वीस दिवसांत इतके बदाम खाल्ले की काश्मीरमध्ये भाव चढले. तक्ता हिरव्या खुणांनी भरला. पान कोरंच. फेऱ्या मात्र रोज वाढत होत्या.

गुरुवारी सकाळी पार्कात सरदारजींना गाठलंच. “अंकलजी, इतक्या पहाटे उठायची सवय कशी लावली?” असं हिंदीत विचारलं.

“आदत? अरे, नींद ही नहीं आती.”

“आणि या फेऱ्या?”

“शुगर है.”

“गार पाणी?”

“गीज़र खराब है. मिस्त्री आता ही नहीं.”

“निदान बदाम तरी?”

“बीवी गिनके देती है. मुझे तो काजू पसंद है.”

बुरशीच्या प्रयोगात विद्यार्थ्यानं असा घोळ घातला असता तर मी त्याला तासभर झापलं असतं. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होत नाही, हे मीच शिकवतो. चांगल्या उंच आवाजात.

माझा चेहरा बघून ते हसले. “एक बात पक्की है. जिस काम से डर लगता है, वो मैं चाय से पहले करता हूँ. तुम्हारा कौन सा है?”

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. सुटली नव्हती. घरी गेलो, बायकोला त्यांचा हा नियम सांगितला आणि चहा घेतला. दोन कप.

शुक्रवारी मात्र पाचला उठून खुर्चीत बसलो. पाय उठू पाहत होते, त्यांना टेबलाखाली आडव्या दांडीत अडकवलं. बायको चहा घेऊन आली, पान कोरं पाहिलं आणि कप फ्रिजवर, त्या तक्त्याच्या वर, नेऊन ठेवला. ती चहाची वाफ मला तिथून पंचकुल्यापर्यंत दिसत होती.

पहिलं वाक्य लिहायला चाळीस मिनिटं लागली : ‘अकरा वर्षांत माझे सात प्रयोग फसले, ते का फसले हे मला ठाऊक आहे, आणि आठवा त्यामुळेच जमला.’ खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. पुढचं मग धावतच आलं.

पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज दिला. कारकुनानं शिक्का मारला, तरी मी तिथेच उभा. “अब क्या, जी?” त्यानं विचारलं.

निकाल यायचाय. पायवाट आणखी खोल गेली आहे. चहाआधी मात्र मी रोज खुर्चीत बसून जड काम उरकतो, तेव्हा खाली पावलं ऐकू जात नाहीत, म्हणून सरदारजी काळजीनं विचारतात, “डॉक्टर साब, तबीयत ठीक है ना?”